हिरवं खाली, काळं वर

१

इंदूरहून धार रोडनं निघालं की बेटम्याच्या अलीकडे डावीकडे एक फार्म लागतो. शहरातले लोक तिथे पैसे देऊन चिखलात गाडी चालवायला येतात. त्या फार्मवरच्या उताराच्या तळाशी, काळ्या भुसभुशीत मातीत, पहाटे विक्रांत सापडला. चार जाड चाकांची लाल एटीव्ही त्याच्या छातीवर आडवी पडली होती आणि डोक्याची मागची बाजू नारळासारखी उघडली होती. ठाण्याचे टीआय, म्हणजे टाउन इन्स्पेक्टर, आले, नाकाला रुमाल लावून त्यांनी ‘दुर्घटना’ असं लिहिलं, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला आणि एका मंत्र्याच्या बंदोबस्ताला निघून गेले. मंत्री जिवंत होते, त्यामुळे त्यांचा हक्क आधी.

विक्रांतचे थोरले भाऊ जयसिंगराव. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. घोड्यावर बसायला होते की घोड्याला दाणापाणी करायला, याची घरात चर्चा होत नसे. जयसिंगरावांनी पहाटेच फाटकाला कुलूप घातलं होतं. मृतदेह जाण्यापुरतं ते उघडलं आणि पुन्हा घातलं. मग विम्याच्या सर्व्हेयरला फोन केला.

सर्व्हेयर म्हणजे वसुंधरा मुजुमदार. पन्नाशी उलटलेल्या, मेकॅनिकल इंजिनियर. सांवेर रोडचे फुटलेले बॉयलर आणि बायपासवर चेपलेले ट्रक बघण्यात त्यांचं तारुण्य छान गेलं होतं.

“या ताई,” जयसिंगराव कुलूप काढत म्हणाले. “तुम्हाला फार त्रास नाही. तेलात पाणी गेलं, चढावर इंजिन जाम झालं, गाडी उलटली, भाऊ गेला. मेकॅनिकनं मुद्दाम केलं. एवढं लिहून द्या.”

“सगळं ठरलेलंच आहे, तर मला कशाला बोलावलंत?”

“सही तुमची लागते ना.”

तेवढ्यात शेडमधून एक आवाज आला. माणसाचा होता, पण खात्री करायला थोडा वेळ लागला.

“ते काही नाही,” जयसिंगराव म्हणाले. “चौकशी चालू आहे.”

शेडमध्ये कामाच्या टेबलावर लोखंडी व्हाइस होता. पाइप कापताना तो हलू नये म्हणून ज्यात आवळतात तो. त्यात पाइप नव्हता. मेकॅनिक बंटीचा उजवा हात होता, आणि दांडा शेवटपर्यंत फिरवलेला होता. बंटी डाव्या हातानं तो दांडा उलटा फिरवायचा प्रयत्न करत होता.

“उजवा झाला,” जयसिंगरावांनी माहिती दिली. “कबूल होत नाही. तुमचा कागद झाला की डावा.”

२

“आधी हात सोडा,” वसुंधराताई म्हणाल्या.

“ताई, तुम्ही यात पडू नका.”

“साक्षीदार बेशुद्ध पडला तर माझा कागद होत नाही. मग सही विसरा.”

सहीचा मुद्दा त्यांना पटला. त्यांनी दांडा सैल केला. तीन बोटं वेगवेगळ्या दिशांना बघत होती. वसुंधराताईंनी गाडीतली पट्टी आणि एक स्केल आणून ती बांधली. जयसिंगराव गाड्या ओढायची टो-चेन हातात घेऊन दाराबाहेर उभे राहिले. शोक करायची त्यांची ही पद्धत होती.

बंटीचे आजोबा मारुती खानदेशातून इंदूरच्या गिरणीत आले होते. गिरणी बंद पडली. मराठी उरली, तीही अर्धी.

“मॅडमजी, कसम से, मी काही नाही केलं. लाल गाडी एकदम ओके होती. तेलात पाणी गेलं होतं ते तीन नंबरच्या, पिवळ्या गाडीत. गेल्या महिन्यात. तेलाची पुरी शिकंजी झाली होती.”

इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी नव्हे. आटीव दुधाचं घट्ट, फिकट पिवळसर पेय. तेल आणि पाणी फिरत्या इंजिनात घुसळलं गेलं की ते अगदी तसंच दिसतं.

“कशानं गेलं होतं? गास्केट फाटलं?”

“नाही ना. कॉम्प्रेशन चेक केलं, बरोबर. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाही. मग पाण्याचा पंप खोलला. पंपाखाली ते बारीक छेद असते ना, सील गेलं की कूलंट तिथून बाहेर टपकते? त्या छेदात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. बाहेर जायला रस्ता नाही, तो सगळं आत गेलं तेलात. सील बदललं, माशीचं घर काढलं, दोनदा तेल बदललं. मॅनेजर पुष्कर भियानं तेव्हा फोटो पण काढले.”

वसुंधराताईंना हे निदान ऐकून बरं वाटलं. त्यांनी स्वतःही याच क्रमानं पाहिलं असतं.

“विक्रांतनं तुला गिऱ्हाइकांसमोर मारलं होतं म्हणे.”

“तो सगळ्यांनाच मारायचा, मॅडमजी. त्याची हॅलो बोलायची स्टाइल होती ती.” बंटीनं डावा हात काखेत दडवला. “हा वाचवा बस. घरी आई आहे, आणि मला दुसरं काही येत नाही.”

दारातून जयसिंगराव म्हणाले, “ताई, पोहे आलेत. खाऊन घ्या, मग डावा बघू.”

३

घरात सुतक, म्हणून चूल बंद. चूल बंद, म्हणून पोहे नाक्यावरून. वरून शेव आणि जिरावन मसाला. मृत्यूनं इंदूरकराची भूक मरते, असा पुरावा अजून कुणी दिलेला नाही.

ओसरीवर विक्रांतची बायको अमिता बसली होती. उजवा खांदा पट्ट्यांत आवळलेला, हात गळ्यात.

“हे कशानं?” वसुंधराताईंनी विचारलं.

“बाथरूममध्ये पाय घसरला.”

“कधी?”

“घसरतो अधूनमधून,” अमिता म्हणाली. तिच्या गालावर एक जुना, पिवळा पडलेला डागही होता. बाथरूममध्ये गाल कसा घसरतो, हे वसुंधराताईंनी विचारलं नाही.

“घरातली गोष्ट आहे,” जयसिंगराव मध्येच म्हणाले आणि पोह्यांचा कागद चुरगाळून अंगणात भिरकावला.

तो उचलला पुष्करनं. पुष्कर म्हणजे अमिताचा भाऊ आणि फार्मचा मॅनेजर. राहायला सुदामा नगरला. तिथल्या स्वच्छता समितीत बिनपगारी, आणि म्हणून अतिशय कडक. ओसरीच्या कोपऱ्यात त्यानं सहा रंगांचे सहा डबे ओळीनं मांडले होते. उरलेले पोहे त्यानं ओल्या कचऱ्यात झटकले, कागद सुक्यात टाकला, चमचा पुसून प्लास्टिकमध्ये. मेहुण्याच्या सुतकात हे सगळं त्यानं इतक्या मन लावून केलं की बघणाऱ्याला वाटावं, यालाच अंत्यविधी म्हणतात.

“कचऱ्याची गाडी इथंपर्यंत येते?” वसुंधराताईंनी विचारलं.

“रोज सकाळी. मी लावून घेतलीय ताई. आज येऊन परत गेली.” पुष्करच्या आवाजात पहिल्यांदाच दुःख आलं. “फाटकाला कुलूप होतं ना. हॉर्न वाजवला, आणि गेली.”

“तेलात पाणी आहे, हे आधी कुणी पाहिलं?”

“मीच. गाडी उचलून शेडमध्ये आणली, तेव्हा तेलाची डिपस्टिक ओढली. म्हटलं, कारण तर बघू. हा फोटो. थोरल्या दाजींना लगेच दाखवला.”

फोटोत त्याचा अंगठा, डिपस्टिक, आणि तिच्या टोकाला शिकंजीच्या रंगाचा घट्ट साय धरलेला थर. मागे मडगार्डाचा पिवळा कोपरा. वसुंधराताईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला.

“चांगला आलाय,” त्या म्हणाल्या.

मग त्या एकट्याच शेडमध्ये गेल्या, लाल गाडीची डिपस्टिक ओढली आणि उजेडात धरली.

तेल काळं होतं. नुसतं काळं, तुकतुकीत, निरोगी तेल.

४

डिपस्टिक ओढायला एक हात पुरतो. पण जयसिंगरावांचे सकाळपासून दोन्ही हात कामात होते, त्यामुळे कुणीच बघितलं नव्हतं.

वसुंधराताईंनी रेडिएटरचं झाकण काढलं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळ्यापर्यंत भरलेलं, हिरवंगार. कमी झालेलंच नाही. म्हणजे इंजिनाच्या घरचं पाणी घरातच होतं.

“बंटी, ट्रे दे. पारदर्शक बरणी आहे?”

बंटीनं डाव्या हातानं बरणी सरकवली. इंजिनाच्या तळाचा, तेल काढायचा ड्रेन बोल्ट त्यांनी अगदी हळू सैल केला.

पहिल्यांदा आलं ते हिरवं. स्वच्छ, पातळ, बाटलीतून ओतावं तसं हिरवं कूलंट. अर्धी बरणी झाली, मग धार काळी पडली आणि शेवटपर्यंत काळीच राहिली. बरणीत दोन थर दिसत होते. मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा.

बंटी हात विसरून बघत राहिला.

“मॅडमजी, हे मिक्सच नाही झालं.”

“का नाही झालं?”

“इंजिन फिरलंच नाही ना. फिरलं असतं तर एका मिनिटात शिकंजी झाली असती.” त्याच्या चेहऱ्यावर दुखण्याच्या जागी दुसरंच काही आलं. “म्हणजे कूलंट नंतर टाकलं. गाडी बंद झाल्यावर.”

“आता पाना लाव आणि क्रँक फिरव. तुला जमत नसेल तर मी फिरवते.”

त्यांनीच फिरवला. इंजिन लोण्यासारखं फिरलं. जाम वगैरे काहीही नव्हतं.

त्या उताराच्या तळाशी जाऊन आल्या. काळी माती, पाऊल घोट्यापर्यंत रुतेल इतकी मऊ. खडा शोधूनही सापडला नाही. या मातीवर माणूस उशीवर पडल्यासारखा पडतो. छाती चेपेल, पण डोकं मागून फुटणार नाही. ते कुणीतरी आधीच फोडलेलं होतं.

त्या शेडकडे वळल्या, तेव्हा आतून चेनचा आवाज आला. जयसिंगरावांनी बंटीचा डावा हात व्हाइसमध्ये ठेवला होता.

“कागद झाला ना ताई?”

५

“होतोय,” वसुंधराताई म्हणाल्या. “पण आत्ता हात मोडलात तर विम्याचे लोक म्हणतील, मेकॅनिककडून बळजबरीनं लिहून घेतलं. क्लेम गेला. थोडा दम धरा.”

जयसिंगरावांनी दांडा फिरवायचा थांबवला. हात मात्र आतच ठेवला. थोडा दम म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढाच वेळ वसुंधराताईंकडे होता.

त्यांनी भिंतीवरची हत्यारं पाहिली. सगळे पाने तेलकट, बोटांचे ठसे उमटलेले. चाकांचा लांब पाना मात्र साबणानं धुतलेला, पुसलेला, आपल्या खिळ्यावर सरळ टांगलेला. बंटीच्या शेडमध्ये साबण पोचल्याचा हा पहिलाच पुरावा होता.

फोटो पिवळ्या गाडीचा. म्हणजे पुष्करनं तेल पाहिलंच नव्हतं. तेल कसं दिसायला हवं, हे त्याला गेल्या महिन्यापासून माहीत होतं, आणि ते तसंच दिसत असणार असं त्यानं गृहीत धरलं. तेलात पाणी पडलं की शिकंजी होते, एवढी अर्धी विद्या त्याच्याकडे होती. घुसळावं लागतं, ही उरलेली अर्धी नव्हती.

पण फोटोनं तो खोटारडा ठरत होता, खुनी नाही. कूलंटचा रिकामा कॅन कुठे? धुतलेल्या पान्यावरचं रक्त पुसलं कशानं? भोवती एवढं रान, एक विहीर, एक ओढा. कुणीही फेकून मोकळा झाला असता. जयसिंगरावांनी तर चालत्या जीपमधून फेकलं असतं.

वसुंधराताई ओसरीवर गेल्या आणि सहा डब्यांसमोर उभ्या राहिल्या.

घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात, बल्बच्या आणि फवाऱ्याच्या बाटलीच्या शेजारी, कूलंटचा रिकामा कॅन होता. झाकण घट्ट लावलेलं. सॅनिटरी कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची एक पुडी होती, नियमाप्रमाणे वर लाल पेनानं फुली. आत रबरी हातमोजे आणि एक फडकं. रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

सकाळी गाडी आली असती तर हे सगळं योग्य त्या प्रक्रियेनं नष्ट झालं असतं. पण जयसिंगरावांना बंटी पळून जाईल अशी भीती वाटली, म्हणून फाटकाला कुलूप लागलं, म्हणून गाडी परत गेली. पुष्करला अख्ख्या सकाळीत ती पुडी विहिरीत टाकायला वेळ होता. मन धजावलं नसावं. माणूस मारणं एक आणि विहिरीत कचरा टाकणं वेगळं.

त्यांनी टीआयंना फोन लावला. “साहेब, दुर्घटना नाही. खून आहे. आणि लवकर आला नाहीत तर आणखी एक होईल.”

मागे वळल्या तर पुष्कर उभा होता. त्याच्या हातात धुतलेला पाना होता.

६

“सॅनिटरीचा डबा उघडायचा नसतो, ताई,” तो म्हणाला. “इन्फेक्शन होतं.”

“मला मारून कुठल्या डब्यात टाकशील?”

त्यानं खरंच डब्यांकडे पाहिलं.

“तिचा खांदा त्यानं दारात घालून मोडला,” तो म्हणाला. “दार लावून. दोनदा. मी दाजींकडे गेलो. म्हणाले, घरातली गोष्ट आहे. काल संध्याकाळी विक्रांत उतारावर गाडी बंद करून उभा होता, हसत सांगत होता मला, की आता दुसरा खांदा. मी मागे होतो. पाना हातात होता.”

“आणि कूलंट?”

“मेकॅनिकची चूक म्हटलं की दुर्घटना. दुर्घटना म्हटलं की अमिता सुटली, मी पण सुटलो. बंटीला ठाण्यात दोन थपडा मारतील आणि सोडतील, असं वाटलं मला. दाजी व्हाइस लावतील असं…”

“ऐकू येत होतं ना सकाळपासून?”

पुष्करला सगळं ऐकू येत होतं.

जयसिंगराव ओसरीवर कधी आले ते कुणाला कळलं नाही. बंटीची किंकाळी आली नाही, म्हणजे त्याचा डावा हात न मोडता तसाच सोडून ते आले होते. पहिला फटका त्यांनी काही न बोलता मारला. चेन पुष्करच्या जबड्यावर बसली, दात फरशीवर उडाले. दुसऱ्या फटक्याला तो सहा डब्यांवर कोसळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओला आणि सुका एक झाला. तिसरा फटका उचलला तेव्हा मध्ये अमिता आली. एका हातानं तिनं चेनचं टोक धरलं.

“मला मारा आधी,” ती म्हणाली. “तुमच्या घरातली मी एकच उरलेय, जिला तुम्ही स्वतः मारलं नाही. धाकट्याला सांगितलं होतं ते काम.”

जयसिंगरावांचा हात वरच राहिला. फाटकाबाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. वसुंधराताईंनी त्यांच्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि कुलूप काढलं.

टीआयंनी शेडमधून, ओसरीवरून एकेकाला बाहेर काढलं आणि सवयीनं सगळ्यांत जास्त मार खाल्लेल्याला हातकडी घातली. सुदैवानं या वेळी तो पुष्करच होता. वसुंधराताईंनी त्यांना बरणी दाखवली. हिरवं खाली, काळं वर. साहेबांनी ती हलवून बघायला हात पुढे केला.

“हलवू नका,” त्या म्हणाल्या. “हाच पुरावा आहे.”

बंटी अंगणात उभा होता. उजव्या हाताची पट्टी लाल झालेली, डावा शाबूत. जयसिंगराव त्याच्याजवळ गेले आणि चेन त्याच्यापुढे धरली.

“घे. एक मार. मर्दाचा हिशोब मर्दासारखा. मग विषय संपला.”

बंटीनं चेनकडे पाहिलं. “मला नाही येत मारायला, साहेबजी. मला गाड्या दुरुस्त करता येतात. येत होत्या.”

“मग उपचार मी करतो. चांगल्यात चांगला डॉक्टर. तूही घरातलाच आहेस.”

‘घरातला’ म्हटल्याबरोबर अमितानं मान वळवून बंटीकडे पाहिलं. बंटीही तिच्या खांद्याकडे बघत राहिला, मग टीआयंच्या जीपपाशी गेला.

“साहेब, माझी रिपोर्ट लिहा. हात यांनी मोडला. व्हाइसमध्ये घालून.”

टीआयंनी जयसिंगरावांकडे बघितलं, मग वसुंधराताईंकडे. ताई जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना कुठेही जायची घाई दिसत नव्हती. साहेबांनी कागद काढला, सावकाश लिहिला, वाचून दाखवला.

“सही कर.”

“उजव्यानं करतो मी सही.”

“मग अंगठा चालेल. डावा.”

बंटीनं काखेतून डावा हात काढला. शाईच्या डबीवर अंगठा दाबला आणि जयसिंगरावांच्या नावाखाली तो नीट, सगळ्या रेषा उमटतील असा, बराच वेळ दाबून धरला.